सांडवा, पंप आणि पाण्याची पातळी

मोठ्या घरगुती फिशटँकच्या खाली, कपाटात, बहुधा आणखी एक टाकी असते. तिला सम्प म्हणतात. फिल्टर, हीटर, पंप अशी सारी यंत्रसामग्री या खालच्या टाकीत राहते आणि वर फक्त मासे, वनस्पती आणि स्वच्छ पाणी दिसते. वरच्या टाकीतले पाणी काठाजवळच्या एका कडेवरून सांडते, पाइपातून आपल्या वजनाने खाली सम्पमध्ये येते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. पाणी ज्या कडेवरून सांडते ती कड म्हणजे या व्यवस्थेचा सांडवा. कड एका अरुंद पेटीची असते आणि पेटीच्या तळातून उतरता पाइप निघतो. पेटीला ओव्हरफ्लो बॉक्स म्हणतात. तिचा आणखी एक फायदा असा की सांडणारे पाणी नेहमी पृष्ठभागावरचे असते, त्यामुळे पाण्यावर जमणारा तेलकट थर सतत काढला जातो.

अशा रचनेत वर जाणारे आणि खाली येणारे पाणी सारखे राहिले नाही तर दोनपैकी एक टाकी घरात सांडणार. पुढे एकच उदाहरण घेऊन हिशेब मांडला आहे. वरची टाकी आतून १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच, सांडव्याची कड तळापासून ४६ सेंमीवर, आणि सम्प ७५ सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच. वरच्या टाकीत पाण्याची पातळी १ सेंमीने बदलली की ५.४ लिटर पाणी हलते. सम्पमध्ये तेवढ्याच बदलाला २.६ लिटर लागतात.

प्रवाह कोण ठरवतो

पंपाचा वेग आणि उतरत्या पाइपाचा वेग जुळवून घ्यावा लागतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात सांडवा असलेल्या टाकीत प्रवाह एकटा पंप ठरवतो. पंपाने मिनिटाला २० लिटर पाणी वर टाकले की वरची पातळी थोडी चढते आणि कडेवरून जाणाऱ्या पाण्याचा थर जाड होतो. मिनिटाला बरोबर २० लिटर सांडू लागेपर्यंत पातळी चढत राहते आणि तिथे थांबते. पंप मंदावला की थर पातळ होतो, आणि पंप बंद पडला की पातळी कडेपर्यंत उतरून सांडणे थांबते. कोणीही काहीही न जुळवता तोल साधला जातो. अट एवढीच की सांडवा आणि उतरता पाइप यांची क्षमता पंपापेक्षा भरपूर जास्त हवी.

पाणी वर नेण्यासाठी एक आणि खाली आणण्यासाठी दुसरा पंप लावण्याची रचना म्हणूनच टिकत नाही. एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे दोन पंपही कधी तंतोतंत सारखे चालत नाहीत. मिनिटाला फक्त ५० मिलिलिटरचा फरक धरला तरी दिवसाला ७२ लिटर होतात. शिवाय एका पंपाची जाळी शेवाळाने थोडी जरी भरली तरी हा फरक वाढतो. दोन पंपांच्या रचनेत वाढता फरक भरून काढणारे काहीच नसते. सांडव्यावर मात्र पातळी स्वतःच तो भरून काढते.

पंपाचा खरा प्रवाह

पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात उचलावे लागत नसतानाचा असतो. उंची वाढते तसा प्रवाह घटतो आणि एका उंचीवर शून्य होतो. ही उंची खोक्यावर ‘कमाल हेड’ म्हणून दिलेली असते. ताशी ३००० लिटर आणि कमाल हेड २.५ मीटर असे लिहिलेला पंप त्या उंचीपर्यंत पाणी पोहोचवतो खरा, पण तिथे थेंबही बाहेर टाकत नाही.

हेड मोजायचा तो सम्पमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. पंप सम्पमध्ये किती खोल ठेवला आहे याचा त्यात हिशेब नसतो. उदाहरणातल्या टाकीसाठी ही उंची सुमारे ९० सेंमी भरते. तिच्यात पाइप, एल्बो आणि व्हॉल्व्ह यांतल्या घर्षणाचे ३० ते ४० सेंमी मिळवले की एकूण हेड १.३ मीटरच्या आसपास येतो. एवढ्या हेडला वर सांगितलेला पंप छापील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी पाणी देईल, म्हणजे ताशी सुमारे १२०० लिटर. नेमका आकडा पंपाच्या माहितीपत्रकातल्या आलेखावरून कळतो.

घर्षण पाइपाच्या जाडीवर फार अवलंबून असते. तेवढाच प्रवाह राखून पाइपाचा आतला व्यास दीडपट केला तर घर्षण जवळजवळ सातव्या हिश्श्यावर येते. पंपाचे तोंड अर्ध्या इंचाचे असले तरी पुढचा पाइप पाऊण किंवा एक इंची घेण्यामागे हे कारण आहे. एका काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड लावल्यानेही अडथळा कमी होतो.

किती प्रवाह हवा याचा ढोबळ अंदाज असा की वरच्या टाकीतले पाणी तासाला ४ ते ५ वेळा सम्पमधून फिरावे. उदाहरणातल्या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी आहे, म्हणजे ताशी १००० ते १२५० लिटर पुरेत. खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांना यापेक्षा कितीतरी जोरदार प्रवाह लागतो, पण तो टाकीच्या आतच बसवलेल्या वेव्हमेकरने द्यायचा असतो. त्यासाठी सम्पचा पंप मोठा घेतला तर सांडवा, पाइप आणि आवाज हे तिन्ही प्रश्न वाढतात.

प्रत्यक्ष प्रवाह मोजायला घड्याळ आणि मापाचे भांडे पुरते. परतीच्या, म्हणजे पंपापासून वर जाणाऱ्या, पाइपाचे तोंड पाण्याच्या पातळीइतक्याच उंचीवर धरून ५ लिटरचे भांडे भरावे. ते १५ सेकंदांत भरले तर प्रवाह ताशी १२०० लिटर. या कामाला मोठी बादली घेऊ नये, कारण ती भरण्याआधीच सम्पमधला पंपाचा कप्पा कोरडा पडतो.

सांडव्याची लांबी

कडेवरून किती पाणी जाते याचे गणित एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लोवेल या गिरण्यांच्या गावी पक्के झाले. तिथल्या कालव्यांतून प्रत्येक कापडगिरणीला किती पाणी मिळते हे मोजण्यासाठी जेम्स फ्रान्सिस या अभियंत्याने सांडव्यांवर प्रयोग केले आणि १८५५ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांच्या सूत्रानुसार प्रवाह कडेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि कडेवरच्या पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो. मीटर आणि सेकंद ही एकके घेतली तर गुणक १.८४ येतो. हे मोजमाप कालव्यांसाठी होते. काही मिलिमीटरच्या थराला पृष्ठताणही थोडा आडवा येतो, तरी फिशटँकसाठी अंदाज बांधायला सूत्र पुरेसे आहे.

ताशी १२०० लिटर पाणी ३० सेंमी लांबीच्या सलग कडेवरून सांडत असेल तर थराची उंची सुमारे ७ मिलिमीटर येते. मासे पेटीत जाऊ नयेत म्हणून कडेवर बहुधा दात्यांची पट्टी बसवलेली असते. दात्यांनी निम्मी लांबी अडवली तर पाण्याला १५ सेंमीच उरतात आणि उंची ११ मिलिमीटरवर जाते. म्हणजे दुप्पट प्रवाहालाही पातळी दीडपटीच्या थोडीच वर चढावी लागते. सांडवा पंपातले चढउतार सहज पचवतो तो यामुळे.

यातून रचनेचा नियम मिळतो. कड जितकी लांब तितका थर पातळ, पृष्ठभाग तितका चांगला निथळतो आणि वीज गेल्यावर तितके कमी पाणी खाली येते. कोपऱ्यातल्या लहानशा पेटीपेक्षा टाकीच्या एका बाजूच्या पूर्ण रुंदीला लावलेली कड म्हणून सरस ठरते.

उतरता पाइप

सांडवा स्वतःला सांभाळतो, पण त्याच्या पुढच्या पाइपाबद्दल तसे म्हणता येत नाही. पाइपातून पाणी दोन प्रकारे उतरते.

पहिल्या प्रकारात पाणी पाइपाच्या भिंतीला धरून उतरते आणि मधे हवेचा मार्ग मोकळा राहतो. इमारतीतल्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपांचे गणित याच गृहीतावर चालते. तिथे पाण्याने पाइपाच्या छेदाचा सुमारे एक-तृतीयांशाहून जास्त भाग व्यापू नये असे मानतात. त्यापलीकडे गेल्यावर पाण्याचे बोळे बनतात, हवा कोंडते आणि पाइप गुडगुडू लागतो. फिशटँकमध्ये या प्रकारचा सर्वांत प्रचलित नमुना ‘ड्युर्सो’ या नावाने ओळखला जातो. त्यात पेटीतल्या उभ्या पाइपाला वर टी जोडतात, टीला खाली वळणारा एल्बो लावतात आणि टीच्या टोपणाला हवेसाठी बारीक छिद्र पाडतात. पाणी पृष्ठभागाखालून आत जाते, त्यामुळे भोवरा होत नाही.

दुसऱ्या प्रकारात पाइप पाण्याने काठोकाठ भरतो, हवा अजिबात राहत नाही आणि पूर्ण सायफन चालतो. हा प्रवाह जवळजवळ निःशब्द आणि कितीतरी मोठा असतो. पाऊण मीटर उतार, एक इंची पाइप आणि दोन वळणे असतील तर घर्षण वजा जाता ताशी ३००० लिटरच्या आसपास पाणी सायफनने उतरते. त्याच पाइपातून हवेसह, शांतपणे उतरणारे पाणी याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके असते. म्हणून ताशी १२०० लिटरसाठी ड्युर्सो पद्धतीत सव्वा किंवा दीड इंची पाइप घ्यावा लागतो.

पूर्ण सायफनची अडचण त्याच्या गणितातच आहे. त्याचा प्रवाह उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पेटीतली पातळी १ सेंमी चढली तरी ७५ सेंमी उतारात तो फरक नगण्य असतो आणि प्रवाह एक टक्कासुद्धा वाढत नाही. म्हणजे सांडव्यासारखे स्वतःला जुळवून घेणे सायफनला जमत नाही. तो पंपापेक्षा थोडा जास्त ओढत असेल तर पेटी रिकामी होते, हवा आत शिरते, सायफन तुटतो, पेटी पुन्हा भरते आणि दर काही मिनिटांनी खळखळाट होतो. थोडा कमी ओढत असेल तर पेटी भरत जाते.

यावर उपाय म्हणजे पाण्याची विभागणी. मुख्य पाइपावर गेट व्हॉल्व्ह लावून सायफन पंपापेक्षा किंचित कमी ठेवतात आणि उरलेले थोडे पाणी दुसऱ्या, उघड्या पाइपातून जाऊ देतात. बहुतेक सगळा भार सायफन वाहतो, तर पंपातले बारीकसारीक चढउतार उघडा पाइप झेलतो. ‘हर्बी’ पद्धतीत असे दोन पाइप असतात आणि दुसरा पाइप संकटकाळचाही असतो. ‘बीनअ‍ॅनिमल’ पद्धतीत तीन असतात: सायफनचा, उघडा आणि पूर्ण कोरडा राहणारा संकटकाळचा. उघड्या पाइपाच्या टोपणातून निघालेली बारीक नळी पेटीतल्या पातळीच्या जरा वर संपते. सायफनचा पाइप तुंबून पाणी या नळीपर्यंत चढले की हवा बंद होते आणि उघडा पाइप स्वतःच सायफन होऊन पूर्ण भार उचलतो.

व्हॉल्व्ह कुठे लावायचा यालाही नियम आहे. उतरता पाइप एकच असेल तर त्यावर व्हॉल्व्ह लावून प्रवाह कमी करू नये, कारण एखादे पान किंवा गोगलगाय अडकायला तेवढी अरुंद जागा पुरते आणि पाण्याला दुसरी वाट उरत नाही. पंपाचा प्रवाह कमी करायचा झाल्यास व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला लावावा, ओढण्याच्या बाजूला कधीही नाही. बारीक जुळवणीसाठी गेट व्हॉल्व्ह सोयीचा, कारण बॉल व्हॉल्व्हचा दांडा थोडासा हलला तरी प्रवाह एकदम बदलतो. खाऱ्या पाण्यात पितळी व्हॉल्व्ह वापरू नये. त्यातले तांबे कोळंबी, प्रवाळ यांसारख्या अपृष्ठवंशीय जिवांना घातक असते.

सायफनच्या पाइपाचे खालचे टोक सम्पमधल्या पाण्यात फक्त २ ते ३ सेंमी बुडालेले असावे. ते खोल गेले तर पंप पुन्हा सुरू झाल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरायला वेळ लागतो. पाण्यासोबत आलेले बुडबुडे पंपाकडे जाऊ नयेत म्हणून सम्पमध्ये काचेच्या आडव्या पट्ट्या बसवून कप्पे पाडतात. पाणी एकीच्या वरून आणि पुढचीच्या खालून जाते आणि तेवढ्या वेळात बुडबुडे वर निघून जातात.

वीज गेल्यावर

पंप थांबला की दोन वाटांनी पाणी खाली येते. सांडव्यावरचा थर कडेपर्यंत उतरतो. दुसरीकडे परतीचा पाइप उलटा सायफन बनतो आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत टाकीतले पाणी ओढत राहतो. वीज अधूनमधून जातेच असे गृहीत धरून सम्पमध्ये या सगळ्या पाण्यासाठी जागा ठेवावी लागते.

उदाहरणात थर १.१ सेंमीचा आहे आणि परतीच्या नळीचे तोंड कडेखाली ३ सेंमीवर आहे असे धरू. एकूण ४.१ सेंमी पाणी उतरेल, म्हणजे २२ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांतले ४ लिटर मिळवून २६ लिटर होतात, आणि सम्पची पातळी १० सेंमीने चढते. सम्पमधली नेहमीची पातळी, तीही सर्वांत भरलेल्या कप्प्यातली, २५ सेंमी ठेवली तर ४० सेंमी उंचीच्या सम्पमध्ये वर ५ सेंमी मोकळे राहतात. पण तेच तोंड दिसायला बरे म्हणून कडेखाली १५ सेंमीवर नेले तर एकट्या वरच्या टाकीतून ८७ लिटर पाणी खाली येते. एवढे पाणी हा सम्प पेलू शकत नाही.

परतीच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवण्याची किंवा पाण्याच्या पातळीखाली हवेसाठी छिद्र पाडण्याची पद्धत आहे. पण व्हॉल्व्हच्या झडपेत वाळूचा कण किंवा क्षारांचा थर अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि छिद्र शेवाळाने बुजते. दोन्ही उपाय जादा संरक्षण म्हणून ठीक आहेत. भरवसा नळीच्या तोंडाच्या उंचीवर आणि सम्पमधल्या मोकळ्या जागेवरच ठेवावा लागतो.

पाइप तुंबल्यावर

उलट संकट म्हणजे पाणी वर जात राहणे आणि खाली येणे थांबणे. अशा वेळी पंप आपल्या कप्प्यातले पाणी संपेपर्यंत वर टाकतो आणि मग कोरडा पडतो. सम्पमधल्या आडव्या पट्ट्यांमुळे बाकीच्या कप्प्यांतले पाणी पंपापर्यंत येत नाही. म्हणजे पूर किती मोठा येणार हे पंपाच्या कप्प्याच्या आकारावरून आधीच ठरते.

हा कप्पा २० सेंमी लांब आणि ३५ सेंमी रुंद असेल आणि पंपाच्या तोंडावर १५ सेंमी पाणी असेल, तर १०.५ लिटर वर जातील आणि वरची पातळी १.९ सेंमी चढेल. चालू स्थितीत पाणी ४७.१ सेंमीवर आहे, म्हणजे काठापर्यंत २.९ सेंमी मोकळे आहेत. पाणी बाहेर न सांडता पंप कोरडा पडतो. त्यात पंप खराब होऊ शकतो, पण घरात पाणी येत नाही. पंपाचा कप्पा मोठा ठेवण्याचा मोह टाळावा तो यासाठी.

टाकीला भोक न पाडता काठावर लटकवायच्या ओव्हरफ्लो बॉक्समध्ये हे संकट अधिक संभवते. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, म्हणून असा बॉक्स वापरला जातो. त्यात काठावरून पाणी यू आकाराच्या नळीतून सायफनने बाहेर येते. नळीच्या माथ्यावर हळूहळू बुडबुडे साठतात आणि एक दिवस सायफन तुटतो. पंपाला त्याचा पत्ता नसतो. असा बॉक्स वापरायचा तर वर सांगितलेला पंपाच्या कप्प्याचा हिशेब बसलेलाच असला पाहिजे.

बाष्पीभवन आणि टॉप-अप

वरच्या टाकीची पातळी सांडव्याने बांधलेली असते आणि सम्पच्या पहिल्या कप्प्यांची पातळी पट्ट्यांनी. त्यामुळे सगळ्या व्यवस्थेतून उडून जाणारे पाणी फक्त पंपाच्या कप्प्यात कमी झालेले दिसते. दिवसाला ३ लिटर पाणी उडाले तर वरच्या टाकीत तो अर्ध्या सेंमीचा फरक झाला असता. लहान कप्प्यात तो ४ सेंमीहून जास्त होतो. साडेतीन दिवस पाणी घातले नाही तर पंप हवा ओढू लागतो. खाऱ्या पाण्यात क्षार मागे राहतात आणि केवळ पाणी उडते. ३०० लिटरमधले १० लिटर उडाले की दर हजारी ३५ असलेली क्षारता ३६च्या वर जाते. म्हणून भर घालताना गोडे पाणी घालायचे असते.

फ्लोट किंवा सेन्सर लावून ही भर, म्हणजे टॉप-अप, आपोआप घालता येते. तो पंपाच्या कप्प्यातच बसवावा लागतो. मात्र उतरता पाइप तुंबल्यावर हाच कप्पा रिकामा होत असल्याने यंत्र पाणी उडाले असे समजून नवे पाणी सोडू लागते. उदाहरणात वरच्या टाकीत एकूण १५.७ लिटरची मोकळी जागा आहे आणि त्यातले १०.५ लिटर पंपाने आधीच भरले आहेत. टॉप-अपच्या साठवणीत ५ लिटरपेक्षा जास्त पाणी असेल तर ते जमिनीवर येऊ शकते. मोठे पिंप ठेवायचे असल्यास वरच्या टाकीतही पातळी वाढल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावावा.

चाचणी आणि निगा

मासे सोडण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. पहिलीत पंप चालू असताना वीज बंद करावी, पाणी उतरणे पूर्ण थांबेपर्यंत पाहावे आणि सम्पवर पातळीची खूण करावी. दुसरीत पंप पुन्हा सुरू करून सायफन किती वेळात धरतो आणि तोपर्यंत पेटीतले पाणी कुठवर चढते हे पाहावे. तिसरीत टॉप-अप बंद ठेवून उतरता पाइप हाताने बंद करावा, वरची पातळी काठाखाली थांबते का ते पाहावे आणि पंप हवा ओढू लागताच तो बंद करावा. उघडता-जोडता येणाऱ्या युनियन पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना असल्या की पुढची सफाई सोपी जाते.

त्यानंतर दात्यांच्या पट्टीवरचे शेवाळ दर आठवड्याला काढावे. परतीच्या नळीवरचे हवेचे छिद्र असल्यास काडीने मोकळे करावे. पंप काही महिन्यांनी उघडून त्याचा पंखा आणि जाळी पाण्यात भिजवून धुवावी; क्षारांचा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी. साफ केलेला पंप आधीपेक्षा जास्त पाणी देतो, तेव्हा सायफनचा गेट व्हॉल्व्ह त्या दिवशी पुन्हा जुळवून घ्यावा.